धूर वेगळा, आच वेगळी

मासा विकायला तयार झाला की लहान मत्स्यशेतकऱ्याची खरी घालमेल सुरू होते. कॅटफिश पाच-सहा महिन्यांत किलोभराचा होतो. त्यानंतर तो खातो तेवढंच, पण वाढतो कमी. एकूण खर्चात 60 ते 70 टक्के वाटा खाद्याचा, म्हणजे ठरल्या दिवसानंतर टाकीत राहिलेला प्रत्येक मासा मालकाच्या खिशातूनच जेवत असतो. व्यापाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. तो येतो, टाकीत डोकावतो, पडेल भाव सांगतो आणि गाडीला टेकून उभा राहतो. घाई त्याला नसते.

नायजेरियाच्या ओगुन राज्यात राहायला आल्यावर हे मी अगदी जवळून पाहिलं आणि त्यातून मार्ग शोधता शोधता मासे धुरावण्याच्या कामात शिरले. वीज इथे कधी येईल आणि कधी जाईल याचा नेम नाही, त्यामुळे शीतपेटीचा भरवसा धरता येत नाही. नीट धुरावून सुकवलेला मासा मात्र खाद्य मागत नाही, वीज मागत नाही आणि व्यापाऱ्याला परत पाठवायचं बळ देतो.

माझं शिक्षण रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात झालं. तिथल्या मिरकरवाडा बंदरावर बोंबील, सुकट, खारे बांगडे हे सगळं पाहिलेलं, हाताळलेलं. पण कोकणात मासे टिकवायचे ते मीठ आणि ऊन यांच्या जोरावर. धुराचा मासा आपल्याकडे जवळजवळ नाहीच. लक्षद्वीपची मासमीन, म्हणजे उकडून, धुरावून, वाळवलेला ट्यूना, पुस्तकात वाचलेली. ईशान्येकडच्या धुरावलेल्या माशांबद्दल ऐकलेलं. नवऱ्याच्या नोकरीमुळे सागामू–इजेबू ओडे रस्त्यालगतच्या गावात बिऱ्हाड थाटलं, तेव्हा कळलं की इथल्या स्वयंपाकघरात धुराचा मासा नसेल तर रस्सा पुरा होत नाही. एगुसीच्या, म्हणजे कलिंगडासारख्या फळाच्या वाटलेल्या बियांच्या, रश्शात, पालेभाजीत, सगळीकडे तो असतोच.

हा कॅटफिशही आपल्याला अनोळखी नाही. क्लॅरियस गॅरिपायनस, आपल्याकडे ज्याला थाई मागूर म्हणतात तोच. आपल्या नद्या-तलावांतल्या देशी माशांना तो फस्त करतो म्हणून भारतात 2000 साली त्याच्या पालनावर बंदी आली, आणि पुढे राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर महाराष्ट्रात त्याची तळी बुजवण्याच्या मोहिमाही झाल्या. इथे आफ्रिकेत तो घरचाच. जगात या माशाचं सर्वांत जास्त उत्पादन नायजेरियात होतं. आमच्यापासून जवळ, इजेबू ओडेच्या बाहेर एरिवेला तर तळ्यांचं अख्खं गाव आहे. पण बहुतेक लोक घरामागे दोन-चार सिमेंटच्या टाक्या बांधून मासे पाळतात. आमच्या शेजारच्या इया इबेजी त्यांतल्याच. जुळ्यांची आई म्हणून सारी आळी त्यांना तशीच हाक मारते, मीही तेच म्हणू लागले.

किलोच्या वरचे मासे जिवंतच विकले जातात. खानावळवाले तिखट सूप करायला नेतात. मागे राहतात ते न वाढलेले, पाव किलोपासून साडेतीनशे-चारशे ग्रॅमपर्यंतचे. एका वयाच्या पिलांतही काही मासे हमखास मागे पडतात. हे मासे धुराला जातात. इया ते तेलाच्या पिंपात धुरावत. पिंप वरून कापलेलं, खाली एका बाजूला लाकडं सारायला भोक, वर लोखंडी जाळी. लाकूड पेटवलं की ज्वाळा थेट जाळीला लागायच्या. इया खाली वाकून फुंकर घालायच्या, मासे हाताने उलटायच्या आणि पदराच्या टोकाने डोळे पुसायच्या. रात्री त्यांना खोकला यायचा तो भिंतीपलीकडून ऐकू यायचा. जाळीवर एका कडेचे मासे कोळशासारखे काळे व्हायचे, मधले बरे, दुसऱ्या कडेचे नुसते कोमट.

वरून ते मासे छान दिसायचे. आठवड्याभरात खरा प्रकार कळायचा. मधोमध मोडला की पाठीच्या कण्यापाशी मांस मऊ, ओलसर. पावसाळ्यात त्यावर पांढरी बुरशी धरायची. कोरड्या दिवसांत भुंगेरे लागायचे. त्यांच्या केसाळ अळ्या मांस पोखरून पोत्याच्या तळाशी नुसता भुसा ठेवायच्या. किडीच्या धाकाने काही विक्रेते सुक्या माशांवर डायक्लोरव्हॉससारखं कीटकनाशक मारतात, आणि ते पोटात जातं. नायजेरियाचं अन्न-औषध खातं याविरुद्ध वारंवार इशारे देतं. इयांनी ते कधी वापरलं नाही. म्हणून त्यांचा माल लवकर किडायचा आणि त्यांनाच भाव कमी मिळायचा. मला याची फार चीड आली, आणि खरं सांगायचं तर कामाला लागले ती या चिडीपोटीच.

वाचायला घेतलं तेव्हा पहिल्यांदा चोरकोर भट्टी सापडली. घानाची राजधानी आक्रा, तिथल्या चोरकोर या कोळ्यांच्या वस्तीत 1970च्या आसपास संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना, घानाची अन्न संशोधन संस्था आणि तिथल्या मासे धुरावणाऱ्या बाया यांनी मिळून ती घडवली. मातीची चौकोनी भिंत, वर एकावर एक ठेवायच्या लाकडी चौकटीच्या जाळ्या; त्या चौकटीच मिळून धुराडं होतात. एका जाळावर पिंपाच्या कितीतरी पट मासे निघतात आणि लाकूडही वाचतं. पश्चिम आफ्रिकेत ती पसरली ती याच गुणांवर. पण चोरकोरमध्येही आग माशांच्या खालीच असते, आणि माशाचं तेल त्या आगीतच ठिबकतं.

ते ठिबकणं हेच मुळातलं दुखणं आहे. निखाऱ्यावर चरबी पडली की ती जळते, आणि त्या धुरातून पॉलिसायक्लिक अॅरोमॅटिक हायड्रोकार्बन नावाची संयुगं माशावर बसतात. ज्वाळा थेट लागल्या किंवा लाकूड कोंडून, पुरेशी हवा न मिळता जळलं, तरी तेच. त्यांतलं बेंझोपायरीन कर्करोग घडवतं हे सिद्ध झालेलं आहे. युरोपीय संघाने 1 सप्टेंबर 2014 पासून धुरावलेल्या माशात त्याची मर्यादा किलोमागे 5 वरून 2 मायक्रोग्रॅमवर आणली, आणि अशा चार संयुगांची मिळून 12 मायक्रोग्रॅम. उघड्या जाळावरचा मासा ही मर्यादा सहज ओलांडतो. निर्यातीचं राहू दे, तो मासा रोज खाणारी मुलं आमच्याच आळीतली होती.

यावर तोड निघाली ती सेनेगलमध्ये. डाकारजवळच्या थियारॉय येथील मत्स्य प्रशिक्षण केंद्राने अन्न व कृषी संघटनेसोबत 2008 साली जी भट्टी तयार केली, तिला त्या दोघांच्या नावांवरून एफटीटी-थियारॉय म्हणतात. तिची युक्ती अगदी सोपी. शिजवणं-सुकवणं हे काम निखाऱ्यांच्या स्वच्छ आचेचं, आणि रंग-वास देणं हे काम धुराचं. ही दोन कामं एकाच आगीकडून करून घ्यायची नाहीत. निखारे आणि मासे यांच्यामध्ये तेल झेलणारं ताट ठेवायचं, आणि धूर बाहेरच्या वेगळ्या पेटीत करून, गाळून, नंतर आत सोडायचा. हे वाचलं आणि मला पुढची दिशा मिळाली.

मूळ भट्टी बरीच मोठी असते, ती किनाऱ्यावरच्या मोठ्या गटांसाठी. आम्हाला हवी होती एका टाकीतून निघणाऱ्या माशांपुरती. भिंतींसाठी इथल्या लाल मातीच्या विटा घेतल्या, वरून माती आणि गवताचा गिलावा. शहरातून विकत मिळणाऱ्या पत्र्याच्या भट्ट्यांत दोन पत्र्यांमध्ये काचेची लोकर भरलेली असते. पत्रा फाटला की तिची कुसळं माशावर पडायची धास्ती, म्हणून ती वाट सोडली. तळाशी ओढता येईल असा निखाऱ्यांचा खण. त्यावर हातभर अंतरावर पत्र्याचं ताट, एका कडेला उतार दिलेलं, म्हणजे तेल पन्हळीतून बाहेरच्या डब्यात पडावं. ताटाच्या चारही बाजूंनी चार बोटं जागा मोकळी, तिथून गरम हवा वर चढते. त्यावर तीन जाळ्या, आणि माथ्यावर झडपेचं धुराडं. धुराची पेटी शेजारी वेगळी, तिथून एक जाड नळी आत येते. नळीच्या तोंडाशी ओला काथ्या कोंबलेला, काजळी आणि राख अडवायला. दारात भोक पाडून घड्याळी तापमापक बसवला. सगळ्या खर्चात नव्याने विकत घेतलेली महागडी वस्तू तीच, आणि माझ्या मते सर्वांत मोलाचीही तीच.

इया रोज येऊन बांधकाम पाहायच्या. ताट पाहून त्यांनी विचारलं, “आंटी, आग आणि माशामध्ये पत्रा ठेवलात, मग मासा शिजणार कसा?” मी म्हटलं, “आच वाट काढते, इया. तेलाला मात्र काढू द्यायची नाही.” त्यांना ते पटलं नव्हतं, पण मासे त्यांनीच दिले, आणि पहिल्या घाण्यालाच दिले.

तयारीचं काम धुरापेक्षा मोठं. आदल्या दिवशी माशांचं खाणं बंद, म्हणजे पोट रिकामं होतं आणि चिरताना घाण पसरत नाही. इथे बरेचजण जिवंत कॅटफिशवर मीठ टाकून झाकण ठेवतात. मासा तडफडून मरतो आणि बुळबुळ सुटते. मला ते बघवेना. इयांच्या थोरल्या मुलाचा हात नेमका आहे. तो डोक्यावर एकच घाव घालतो आणि मीठ त्यानंतर चोळतो. बुळबुळ तेवढीच निघते आणि तडफडीने मांसही खराब होत नाही. मग पोट चिरून आतडी काढायची, कल्ल्यांलगतचं रक्त बोटाने खरवडायचं, दोन पाण्यांत धुवायचं. त्यानंतर दहा लिटर पाण्यात एक किलो मीठ या मापाच्या मिठवणीत अर्धा तास. मीठ मांसाला घट्टपणा देतं.

मासा वळवण्याची कला इयांची. शेपूट फिरवून तोंडात अडकवायची आणि खराट्याचा हीर आरपार खोचायचा. कडं झालेला मासा जाळीवर उभा राहतो, सगळीकडून हवा लागते, आणि सुकल्यावर मोडत नाही. कुठल्याही पुस्तकातल्या चित्रापेक्षा हे चांगलं आहे, असं माझं ठाम मत झालं आहे. आम्ही त्यात काहीही बदललं नाही.

पहिल्या काही घाण्यांत आच हाच वादाचा विषय होता. इयांची सवय सुरुवातीला मोठा जाळ करायची. तसं केलं की मासा वरून लगेच कडक होतो, आणि त्याच कवचाखाली पाणी अडकून पडतं. तवा फार तापला की भाकरी वरून करपते आणि आत कच्ची राहते, त्यातलाच प्रकार. कण्याजवळचा ओलावा आणि मागून येणारी बुरशी, दोन्हींचं कारण हे होतं. म्हणून झडप पूर्ण उघडी ठेवून पहिला तास-दीड तास 40 अंशांच्या आसपासच ठेवायचं ठरलं, फक्त अंगावरचं पाणी उडण्यापुरतं. मग आच वाढवून 80-90 अंशांवर मासा आतपर्यंत शिजेपर्यंत. त्यानंतर निखारे मागे ओढून 60-70 अंशांवर लांबलचक सुकवण, अधूनमधून जाळ्यांची खाली-वर अदलाबदल करत.

मासा सुकला हे ओळखायचं कसं? इया बोटाने दाबून सांगायच्या, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगायच्या. पण हळूहळू आमच्या गटात आलेल्या शेजारच्या बायांना तो अंदाज नव्हता. तिथे वजनकाटा कामी आला. साफ केलेल्या माशात साधारण तीन-चतुर्थांश पाणी असतं. म्हणजे 1 किलोत कोरडा भाग 250 ग्रॅम. ओलावा 10 टक्क्यांवर आणायचा तर उरलं पाहिजे 280 ग्रॅमच्या आसपास, थोडं तेल गळतं ते वेगळं. एका जाळीवर खुणेचे मासे ठेवायचे, आधी वजन लिहायचं, आणि ते किलोमागे 280 ग्रॅमच्या आसपास येईपर्यंत भट्टी सोडायची नाही. वजन उतरायचं थांबलं पण तिथवर आलं नाही, तर समजायचं की पाणी आत अडकलंय. अशा वेळी आच वाढवून उपयोग नाही. निखारे विझू द्यायचे, मासे रात्रभर तसेच झाकून ठेवायचे. आतला ओलावा हळूहळू बाहेर येतो, आणि सकाळी पुन्हा मंद आचेवर धरले की काही तासांत वजन खाली येतं. या एका विश्रांतीने आमचं बुरशीचं दुखणं जवळजवळ संपलं.

खरा पेच पडला तो रंगाचा. ताट घातलं, ज्वाळा बंद झाल्या, आणि मासा फिकट निघाला. आरोग्याच्या हिशेबाने उत्तम, पण इयांनी तो हातात धरून सरळ सांगितलं, “हा आजारी दिसतो. बाजारात याला कुणी हात लावणार नाही.” त्यांचं म्हणणं खरं होतं. इथल्या गिऱ्हाइकाला गडद तपकिरी, चमकदार मासा हवा. सुकवण संपल्यावर शेवटी धूर देऊन पाहिला, तर रंग धरेना आणि वास नुसता उग्र. उत्तर माशाच्या अंगातच होतं. वरचं पाणी उडून कातडी चिकट, किंचित ओलसर असते तेव्हाच धूर तिच्यावर बसतो. कोरड्या ठणठणीत कातडीवर तो नुसता घसरून जातो. म्हणून धूर शेवटी न देता पहिल्या तासानंतर, आच वाढवायच्या आधी द्यायला लागलो. नारळाच्या सोडणांचा, अधूनमधून पेरूच्या वाळक्या फांद्यांचा. राळ सुटणारं लाकूड, रंग दिलेल्या फळ्या, पेटवायला प्लॅस्टिक, हे सगळं वर्ज्य. तेवढ्या थोड्या धुरावर पुढच्या आचेने रंग असा काही चढला की इयांनी पहिली जाळी स्वतः उचलून शेजारणींना दाखवायला नेली. मला वाटतं भट्टी त्यांची झाली ती त्या संध्याकाळी.

तेलाच्या डब्यात सुरुवातीपासून भरपूर तेल जमतं. कॅटफिश तेलकट मासा, आणि हे सगळं पूर्वी निखाऱ्यावर जळत होतं. तो डबा पाहिल्यावर पत्र्याबद्दलची शंका पुन्हा कुणी काढली नाही.

जळणाचं गणित 2023 पासून फार महत्त्वाचं झालं आहे. त्या वर्षी इंधनावरचं अनुदान गेलं, जूनमध्ये नायरा, म्हणजे इथलं चलन, बाजारावर मोकळा सोडल्यावर तो घसरला, आणि खाद्य, कोळसा, वाहतूक सगळंच वर गेलं. मातीच्या भिंती एकदा तापल्या की बराच वेळ ऊब धरून ठेवतात, म्हणून पाठोपाठ दोन घाणे लावणं स्वस्त पडतं. आता तीन-चार घरं आपापले छोटे मासे एकाच दिवशी काढतात. जाळीला घराघराची चिंधी बांधलेली, वजन वहीत लिहिलेलं, कोळशाचा खर्च वजनावर वाटून.

बांधाबांध करताना घाई चालत नाही. कोमट मासा पिशवीत घातला की आत वाफ धरते आणि आठवडाभराची मेहनत वाया. पूर्ण गार झाल्यावरच जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बंद करून भरायचं, तेही भुंगेरे बसायच्या आत. सप्टेंबरच्या पावसात हवा इतकी दमट असते की उघडा मासा दोन दिवसांत सैल पडतो. अशा वेळी तो परत मंद आचेवर धरावा लागतो. डिसेंबरात सहारावरून हरमॅटनचे कोरडे वारे आले की सुकवण पटकन होते, पण धूळही येते, तेव्हा धुराड्यावर बारीक जाळी घालावी लागते.

इयांना आता ओला माल पडेल भावात द्यावा लागत नाही. भाव पटला नाही तर त्या व्यापाऱ्याला सरळ सांगतात, की राहू दे, मी धुराला लावते. छोट्या माशांचं तर सगळंच उत्पन्न नव्याने आलेलं. त्यांचा खोकला पूर्ण गेलेला नाही, इतक्या वर्षांचा धूर आहे तो. पण आता त्या निखारे घालून बाजूला बसतात, भट्टीवर वाकत नाहीत. गटासाठी अन्न-औषध खात्याचा नोंदणी क्रमांक मिळवायचा खटाटोप चालू आहे, आणि प्रयोगशाळेत बेंझोपायरीनची तपासणी करून घ्यायला वर्गणी गोळा होते आहे. तो आकडा हातात येईपर्यंत आमचा मासा पूर्ण सुरक्षित आहे असं मी कुणाला सांगणार नाही; पूर्वीपेक्षा खूपच बरा आहे एवढं मात्र जाळीवरची काजळी पाहूनही सांगता येतं.

गावाकडून विचारणा होते, शेततळ्यातल्या माशांना हे चालेल का म्हणून. तिलापियाला चालतं, त्याला कॅटफिशएवढी चरबी नाही, म्हणून तो लवकर सुकतो आणि पटकन कडकही होतो, त्यामुळे 40 अंशांचा पहिला टप्पा थोडा लांबवावा. खवले आधी काढावेत, आणि मोठा मासा पाठीकडून फाडून पुस्तकासारखा उघडावा. रोहू-कटल्याला काटे फार, तेव्हा सुकवून रश्शात टाकण्यापेक्षा अर्धवट सुकवून चार दिवसांत खाऊन संपवावा. पण तसा मासा बर्फातच ठेवायचा, कारण त्यात ओलावा शिल्लक असतो. भट्टी बांधायच्या आधी तापमापक आणि वजनकाटा घ्या. माती, विटा आणि पत्रा गावात मिळतोच.